रिटर्नचा ओटीपी दादाच्या फोनवर

मिक्सरच्या खोक्यात एक पातळ माहितीपत्रक असतं ना, जे आपण खोकं उघडल्याबरोबर बाजूला टाकतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर लसूण सोलतो, ते मी लिहिते. 'भांडे अर्ध्याहून अधिक भरू नये.' 'ओल्या हाताने बटण दाबू नये.' गीझर, इस्त्री, कुकर, सगळ्यांच्या वतीने लोकांना मराठीतून दम देणं हा माझा धंदा. आधी साकीनाक्याच्या एका कारखान्यात डिस्पॅचच्या टेबलावर बारा वर्षं बसले, तिथली पत्रकंही मीच लिहायची. मग नोकरी सोडली, मुलुंडला एक खोली भाड्याने घेतली आणि स्वतःच्या नावावर हेच काम सुरू केलं. चार-पाच कंपन्या काम देतात. पैसे देताना प्रत्येक जण कर आधीच कापून ठेवतो, आणि जास्तीचा कापलेला परत हवा असेल तर मला रिटर्न भरावं लागतं.

आता यात माझ्या भावाचा काय संबंध? कुणालाही वाटेल, काही नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. घाटकोपरला आमच्या आईवडिलांच्या खोलीतच राहतो आणि माहुलच्या बाजूला एका तेलाच्या प्लांटमध्ये कामाला आहे. मी नोकरी सोडली त्याच वर्षी बोरिवलीला आमच्या मावसबहिणीचा साखरपुडा होता. जेवणाच्या रांगेत कुणीतरी काका दादाला विचारत होते, "धाकटी हल्ली काय करते?" दादा पुरी घेत म्हणाला, "ती? काही नाही. घरीच असते."

मी मागेच उभी होते, हातात ताट. बरं, दोन दिवस आधीच मी एका गीझरवाल्यासाठी चोवीस पानं संपवली होती, मान अजून आखडलेली. माझं डोकं सटकलं. "मी घरी असते? आणि तू काय करतोस रे? वीस वर्षं रजेचे अर्ज लिहितोस, आणि तेही नामंजूर होतात!" हे त्याच्या सासऱ्यांसमोर. वाढपी पळी तशीच धरून थांबला. दादाने ताट खाली ठेवलं, म्हणाला, "आजपासून तू तुझ्या घरी, मी माझ्या." आणि खरंच निघून गेला, पुरी न खाता.

आमच्या घरात एक गुण सगळ्यांनी वाटून घेतलाय, तो म्हणजे हट्ट. आई असती तर दोघांना समोर बसवून झापलं असतं. ती त्याआधीच गेली होती. भाऊबीज आली तशी गेली. माझा एकुलता एक भाऊ आणि मी, एकमेकांशी बोलेनासे झालो. मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं म्हणून अजून राग यायचा.

मग जुलैची एकतीस तारीख आली.

माझी सीए बाई मुलुंडच्या एका जुन्या शॉपिंग सेंटरमध्ये बसते. शेजारी पिठाची गिरणी आहे, त्यामुळे तिच्या सगळ्या फायलींवर पीठ असतं आणि लोकांच्या उत्पन्नाला ज्वारीचा वास येतो. बाई मालवणची, चिडली की तोंडातून थेट मालवणी. मी पावत्या एका कुकरच्या खोक्यात भरून शेवटच्या दिवशी नेल्या. तिने खोक्यात हात घालून एकेक कागद बाहेर काढला.

"ह्या काय गो? मिक्सरचा बिल?"

"कामासाठी घेतला. चालवून बघितल्याशिवाय कसं लिहिणार?"

"चटणी वाटतंस ना त्यात?"

"वाटते."

"मग तो खर्च धंद्याचो नाय," म्हणून तिने बिल परत खोक्यात टाकलं. बाकी सगळं तासाभरात झालं. रिटर्न भरलं गेलं. फक्त ते माझंच आहे हे शेवटी सरकारला पटवून द्यावं लागतं. त्यासाठी आधार कार्डाला जो मोबाइल जोडलाय त्यावर सहा आकडी ओटीपी येतो, आणि तो पंधरा मिनिटांत टाकायचा. ठरलेल्या मुदतीत हे पटवलं नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात, आणि बाई अर्धवट काम दुसऱ्या दिवसावर ठेवत नाही.

"ओटीपी गेलो. सांग," बाई म्हणाली.

माझा फोन गप्प. स्क्रीनवर नंबरचे शेवटचे चार आकडे होते. ते माझे नव्हते. आधार निघालं तेव्हा घाटकोपरच्या आमच्या चाळीत कॅम्प लागला होता. घरात खात्रीचा मोबाइल एकच, दादाचा. फॉर्मवर आईचा नंबर तोच, माझाही तोच. दादा तेव्हा ऐटीत म्हणाला होता, "नोकरी बदलेन पण हा नंबर बदलणार नाही." मेल्याने शब्द पाळला होता.

हा आकडा बँकखात्यावरूनही मागवता येतो, पण माझ्या बँकेतून हे काम होत नव्हतं, ती आमच्या गल्लीतली छोटी सहकारी बँक. म्हणजे दादाला फोन करणं आलं. केला. उचलला नाही. पुन्हा केला. बाईने तीनदा ओटीपी पाठवला आणि तिन्ही मेले. मग मला आठवलं, त्याच्या प्लांटमध्ये आत मोबाइल न्यायला बंदी आहे, तेलाचा मामला, सगळ्यांचे फोन गेटवर कपाटात ठेवतात. माझे आकडे त्या कपाटात अंधारात पडले होते. वाट लागली!

संध्याकाळी पावणेपाचला त्याचा फोन आला.

"कोण?"

माझं नाव त्याच्या फोनमध्ये आहे. तरी विचारतो, कोण!

"मी."

"बोल."

"तुला मेसेज आलेत बघ, सहा आकडी. आता अजून एक येईल, तो सांग."

"तिन्हींत लिहिलंय, कुणालाही सांगू नका."

"अरे, ते दुसऱ्यांना! तो माझाच आहे."

"असंच म्हणतात सगळे. आमच्या इथल्या एकाचं खातं साफ झालं. बायकोच्या आवाजात फोन होता." मग म्हणाला, "माझा पुढचा दात कुणी पाडला?"

"कुणी नाही पाडला! तू जिन्यावरून घसरलास! मी ढकललं नव्हतं, किती वेळा सांगू? एवढा मोठा घोडा झालास तरी अजून तेच—"

"हां. तूच आहेस," दादा म्हणाला, आणि आकडे वाचून दाखवले. शेवटचा आकडा सांगून फोन ठेवला. बस, एवढंच. मी रिक्षात बसून घरी जाईपर्यंत रडले, आणि रिक्षावाल्याने विचारलं तेव्हा म्हटलं, "इन्कम टॅक्स." तो म्हणाला, "हां, फिर तो बराबर है."

दुसऱ्या वर्षी मी सकाळी अकरालाच फोन केला, म्हटलं निदान त्याच्या फोनवर माझा मिस्ड कॉल तरी दिसेल. तर पहिल्याच रिंगला उचलला. "पाठव," म्हणाला. मला वाटलं, शिफ्ट बदलली असेल. तिसऱ्या वर्षीही तसंच. आणि हळूहळू त्याचं वाचणं लांबायला लागलं.

"सात... पाठ कशी आहे तुझी?"

"बरी आहे. पुढे सांग."

"दोन... खुर्ची घे नीट. लाकडी स्टुलावर बसू नकोस."

"सांग ना यार, वेळ जातोय!"

"घाई तुला आहे. मला नाही. नऊ... यंदा कामं आली का बरी?"

असं करत करत पंधरा मिनिटं संपायची, ओटीपी मरायचा आणि नवा मागवावा लागायचा. स्पीकरवर सगळं ऐकणारी सीए बाई कपाळाला हात लावायची. "गो, तुमचा बोलणा झाला काय? माझी अजून अकरा जणांची रिटर्ना रवली हत!" रिटर्न संपलं की फोन बंद, पुढच्या वर्षापर्यंत गुडूप. आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घे, असं बाई दर वर्षी सांगायची. मी एकदा गेलेही. समोर सहा माणसं होती. फारच गर्दी आहे म्हणून परत आले. सांगायला लाज वाटते, पण वर्षभर मी त्या सहा आकड्यांची वाट बघायचे.

मग एका वर्षी सरकारने मुदत वाढवली, चांगली सप्टेंबरपर्यंत. मी झकास पाय पसरून बसले. सप्टेंबरात शेवटच्या दिवशी फोन केला तर दादा एकदम खेकसला, "मुदत वाढली तर आधी सांगायला काय होतं? माणसाला दुसरी कामं नसतात का?" आकडे धाडधाड सांगितले आणि फोन आपटला. मला ते लागलं. म्हटलं, अरे वा. वर्षातून एकदा पंधरा मिनिटं मागते, तीही याला जड झाली. मी सीए बाईला सांगितलं, यापुढे मला कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. तिने दुसऱ्या बँकेत खातं उघडायला लावलं. त्या बँकेतून आकडा थेट माझ्याच फोनवर येणार होता.

यंदा मी कागदही वेळेवर दिले, मुदत संपायच्या तीन दिवस आधी. आकडा माझ्या फोनवर आला, टाकला, हिरवी खूण आली. दोन मिनिटांचं काम. बाई म्हणाली, "झाला गो." मी म्हटलं, "झालं." घरी येऊन चहा केला, तो प्यावासा वाटला नाही. स्वतःचीच चीड आली. हवं होतं ते मिळालं, आता तोंड का पाडून बसलीस?

शेवटच्या तारखेला दुपारी एकच्या सुमारास मी एका सँडविच टोस्टरवर लिहीत होते. फोन वाजला. स्क्रीनवर 'दादा'. इतक्या वर्षांत त्याने आपणहून कधी केला नव्हता. मला वाटलं, घरात काहीतरी वाईट झालंय.

"काय झालं रे?"

"तुझं काय झालं? आकडा आला नाही अजून. सकाळपासून फोन घेऊन बसलोय. आंघोळीला पण घेऊन गेलो."

"तू घरी? आज तर कामाचा दिवस..."

"रजा टाकलीय."

"कशासाठी?"

"आता कशासाठी काय? तिकडे फोन गेटवर असतो, तुला माहीत नाही? पहिल्या वर्षी तुझे तीन मेसेज फुकट गेले. तेव्हापासून टाकतो ना दर वर्षी. मागच्या वेळी तर दोनदा टाकली. जुलैत पण बसलो दिवसभर, सप्टेंबरात पण. मुदत वाढली हे तू सांगितलंस का?"

मी मनातल्या मनात त्याच्या रजा मोजायला लागले. तो माझ्या गप्प बसण्याचा भलताच अर्थ लावून बसला. आवाज एकदम खाली आला.

"काम बंद पडलं का गं? यंदा भरण्याइतकं काही झालं नाही का? तसं असेल तर सांग, लाजू नकोस. खोली तुझीही आहे. ये इकडे."

"काम आहे रे दादा. भरपूर आहे," मी म्हटलं. मग मुद्दाम भांडायच्या सुरात विचारलं, "आणि अर्जावर कारण काय लिहितोस?"

"काय लिहिणार? 'बहिणीचा इन्कम टॅक्स.' साहेब विचारतो, काय रे, बहीण एवढी मोठी आहे? मी म्हणतो, आहे. स्वतःचं काम आहे तिचं. कंपन्या येतात तिच्याकडे."

"आणि मंजूर होते?"

"ही एकच होते," दादा म्हणाला. "एका दिवसात."

आता सांगा, या माणसाला मी काय सांगणार होते? की तीन दिवसांपूर्वीच झालं, तू उठ आणि जेवून घे? मी म्हटलं, "सर्व्हर बंद होता रे सकाळपासून. आत्ताच चालू झालाय. थांब, पाठवते."

मी आधारच्या वेबसाइटवर गेले आणि माझंच आधार कार्ड डाउनलोड करायला मागितलं. त्यालाही ओटीपी लागतो. घाटकोपरला टुंग वाजलेलं मला इथे ऐकू आलं.

"आला!" दादा ओरडला. "घे लिहून. तीन... जेवलीस का?"

"नाही अजून."

"एक वाजून गेला आणि जेवली नाही! आठ... आठच आहे ना हा, थांब, चष्मा..."

पहिला ओटीपी मेला. मी दुसरा मागवला. घाई मलाही नव्हती.

"झालं?" सहावा आकडा सांगून त्याने विचारलं.

"झालं."

"मग ये आता. अर्धी रजा उरलीय माझी."

समोर माझं आधार कार्ड डाउनलोड होऊन पडलं होतं. उघडून बघितलं, पत्ता अजून घाटकोपरचाच. टोस्टरची सूचना अर्धी तशीच ठेवली आणि चप्पल घातली.