होडी गेली, मालक राहिला

कायद्याचे हात लांब असतात, हे वाक्य मी चौतीस वर्षं ऐकलं आणि शाळांच्या समारंभांत हार गळ्यात घालून स्वतःही म्हटलं. एक प्रसंग मात्र अजून मनातून जात नाही. त्या दिवशी ते लांब हात कल्याणहून निघाले आणि कोलशेतला एका चुकीच्या माणसाच्या खांद्यावर पडले. त्यातला एक हात माझा होता.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. खाडीकाठच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. मे महिन्यातल्या एका सकाळी, चोरून उपसलेल्या रेतीने भरलेली फायबरची होडी खाडीत उलटली. चार मजूर पोहून पळाले. पाचवा बुडाला. आम्ही पोहोचलो तेव्हा होडी चिखलात रुतली होती आणि काठावर तिचा ट्रेलर उभा होता. होडी जमिनीवरून ओढून न्यायला टेम्पोला जोडतात तो दोन चाकांचा सांगाडा.

मयताचा भाऊ ठाण्यात येऊन बाकावर बसला. रडला नाही, भांडला नाही. थोड्या थोड्या वेळाने उठून एकच विचारायचा, "साहब, मालिक मिला?"

दहाच्या सुमारास खबर आली. खबऱ्या म्हणजे काळ्या चष्म्याचा गूढ माणूस अशी लोकांची समजूत असते. आमचा खबऱ्या काठावरचा चहावाला होता आणि फोनवर बोलताना मध्येच कुणाला तरी "दोन कटिंग, एक बिनसाखर" असं सांगत होता.

"साहेब, होडी आपल्या इकडची नाय. कोलशेत साइडची आहे. आणि तोंडावर नाव रंगवलेलं होतं ना, ते घासून काढलंय. काहीतरी लोचा आहे."

लोचा आम्हालाही हवाच होता. होडीच्या नोंदणी क्रमांकावरून मालक निघाला, कोलशेत गावचा, वय सदुसष्ट. ट्रेलरची नंबरप्लेट आरटीओला कळवली, तिकडूनही तोच माणूस. दोन सरकारी कार्यालयांचं एका माणसाबद्दल एकमत व्हावं, हा योग दुर्मीळ. आम्ही खूश झालो.

बारा वाजता तो माणूस माझ्यासमोर बसला होता. पायात रबरी चपला, हातात पिशवी, पिशवीत घरच्यांनी घाईत घातलेली बीपीची गोळी आणि बिस्किटांचा पुडा. तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला.

"चार वाजता पत्रकार परिषद ठेवली आहे. अटक दाखवून घ्या."

"सर, चौकशी चालू आहे."

"चालू ठेवा. अटक दाखवा."

खाली आवारात दोन माणसं शिडी लावून फ्लेक्स बांधत होती. त्यावर लिहिलं होतं, 'रेती टोळीचा मुख्य सूत्रधार जेरबंद'. सूत्रधार माझ्यासमोर चहात बिस्किट बुडवत होता. बिस्किट मोडून चहात पडलं, तसा तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला.

"होडी तुमची?" मी विचारलं.

"व्हती, सायेब. शिमग्याच्या आंगुदर इकली मी ती."

"कोणाला?"

"खडवलीकडचा मानूस व्हता. पर्यटक फिरवाला पायजे, बोलला."

"त्याचं नाव, पत्ता?"

नाव अर्धंच आठवत होतं. पत्ता नव्हता. दिलेला मोबाइल नंबर बंद लागत होता.

"विक्रीचा कागद?"

"सगले कागद त्यालाच दिले."

"तुमच्याकडे झेरॉक्स?"

"नाय ठेवली. होडी गेली का तिचा काय बी घरान ठेवीत नाय आमी. लेक सासरी गेली, मंग तिचे दागिने का ठेवून घेतान?"

"ट्रेलरचे फॉर्म?"

"त्यानी सया घेतल्या."

"कोऱ्या फॉर्मवर?"

"तो बोलला, मी भरतो."

माझ्या हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला. ठाण्यात रोज ऐकू येणारी ही गोष्ट होती. चोरीच्या मोटारसायकलीवर सापडलेला प्रत्येक जण 'मी विकत घेतली' म्हणतो आणि गुन्ह्यात सापडलेल्या गाडीचा प्रत्येक मालक 'मी विकली' म्हणतो. मी शेवटचा प्रश्न टाकला.

"विकली होती, तर तिच्यावरचं नाव का खरवडलं?"

त्याने मान खाली घातली. इतका वेळ बोलणारा माणूस नेमका या प्रश्नाला गप्प होतो, याचा अर्थ प्रशिक्षण केंद्रात एकच शिकवतात.

"घासलं कोणी?"

"मीच."

एवढं पुरेसं होतं. सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं तर या वयात तो किती महिने आत राहील आणि बाहेर कसा येईल, याचा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला. हा माणूस खोटं बोलत नाही असं मला वाटत होतं. पण माझ्या वाटण्याला केस डायरीत रकाना नाही. अटकेचा फॉर्म भरायला घेतला. अटक करताना नातेवाइकाला कळवावं लागतं, म्हणून कोलशेतला त्याच्या घरी फोन केला.

पावणेतीनला पंचनामा पुन्हा वाचत बसलो. तो मीच सांगून लिहून घेतला होता. 'होडीच्या पुढील भागावरील नाव घासून काढलेले असून, बाजूचा नोंदणी क्रमांक ठळक व सुस्पष्ट वाचता येतो.' हे वाक्य सकाळपासून तीनदा वाचून मी खाली सही केली होती. चौथ्यांदा वाचताना 'नोंदणी क्रमांक' या शब्दांवर बोट थांबलं. ओळख लपवणारा माणूस आधी नंबर घालवतो. नाव घालवून नंबर शाबूत ठेवणारा गुन्हेगार मी तरी पाहिला नव्हता.

मी पुन्हा त्याच्यासमोर जाऊन बसलो. "काका, होडीवर नाव कोणाचं होतं?"

उत्तर दारातून आलं. त्याची बायको येऊन उभी होती, डोक्यावरून पदर, हातात मोबाइल.

"माजा व्हता."

"मग घासलं का?" मी विचारलं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "सांग ना! आता का लाजतस?"

म्हातारा पुटपुटला, "बायकोचे नावाव दुसरा मानूस बसंल, ह्या मना नाय पटला."

हवालदार खोकला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

"मावशी, होडी विकली याचा काही पुरावा आहे?" मी विचारलं.

"कागद नाय, सायेब."

"कागद सोडून काही?"

"होडीची ओटी भरली तवाचा व्हिडिओ हाय. कलव्याला लेक दिलीय, तिला येवाला जमला नाय, म्हनून शेजारनीनी काढून धाडला."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" मी काकांवर जवळजवळ ओरडलोच.

"तुमी कागद मांगत व्हतं," तो म्हणाला. "ह्यो कागद नाय."

व्हिडिओ सव्वातीन मिनिटांचा होता. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. ट्रेलरवर होडी, ट्रेलर एका पिकअप टेम्पोला जोडलेला. होडीच्या तोंडावर ताजा घासल्याचा पांढरा पट्टा. मावशींनी हळदकुंकू लावलं, खण, तांदूळ, नारळ ठेवला. मग टोपीवाल्या एका माणसाला दरडावून सांगितलं, "टोपी काड. नारल धर. दोन हातानी!" त्याने निमूटपणे टोपी काढली. चेहरा स्वच्छ दिसला. तेवढ्यात काकांचा आवाज आला, "नावाव करून घ्या हां." टोपीवाला म्हणाला, "आठ दिवसांत करतो काका, टेन्शन नको." शेवटी मावशी रडायला लागल्या, शेजारणीचा हात हलला आणि कॅमेरा खाली गेला, नेमका टेम्पोच्या नंबरप्लेटवर. पाठवल्याची तारीख शिमग्याच्या चार दिवस आधीची होती.

मोबाइल पंचांसमक्ष ताब्यात घेतला आणि वरिष्ठांकडे गेलो.

"सर, आरोपी बदलतोय."

"आता? फ्लेक्स लागलाय."

"फ्लेक्सवर फोटो नाही, सर."

ते खिडकीपाशी गेले, फ्लेक्स वाचला आणि म्हणाले, "मग चालेल."

पत्रकार परिषद दुसऱ्या दिवसावर गेली. टेम्पोच्या नंबरवरून पत्ता मिळाला. संध्याकाळी आमचं पथक खडवलीला पोहोचलं तेव्हा टोपीवाला घरीच होता, आणि जरासाही घाबरलेला नव्हता.

"माझा काय संबंध? होडी कोणाच्या नावावर आहे बघा ना, साहेब. कायद्याने जा."

कायद्याने गेलो. कपाट उघडलं. होडीचे मूळ कागद, इंजिनाचं बिल आणि म्हाताऱ्याच्या सह्यांचे कोरे फॉर्म एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले होते. दोन-अडीच महिने नावावर करून घेतलं नाही तो आळस नव्हता, ती व्यवस्था होती. होडी पकडली गेली तर पकडायला एक माणूस कोलशेतला तयार ठेवला होता. त्या माणसाला मी दुपारी चहा पाजला होता आणि त्याच्या अटकेच्या फॉर्मवर नावही लिहून झालं होतं.

रात्री काकांना आरोपी म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून सही करायला बोलावलं. मयताचा भाऊ अजून बाकावर होता. मी त्याला सांगितलं, मालक मिळाला. त्याने मान हलवली आणि काकांना बसायला जागा करून दिली.

या केसने मला काय शिकवलं, असं लोक व्याख्यानांत विचारतात. दोषी माणसाकडे उत्तरं आणि कागद दोन्ही तयार असतात. निर्दोष माणूस बहुधा गोंधळलेला असतो, आणि तो गप्प बसला तर त्याचं कारण लाज हेही असू शकतं. हे माझ्या लक्षात येईपर्यंत अटकेला तासभर उरला होता. मला वेळेत सुचलं हे म्हणणं बरोबर नाही, नातेवाइकाला कळवण्याच्या नियमाने एक बाई वेळेत आल्या. तेव्हापासून होडी, गाडी, ट्रेलर विकणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. विक्रीच्या कागदावर तारीख आणि वेळ घाला, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा, होडीच्या नोंदणी कार्यालयाला आणि आरटीओला विकल्याचं स्वतः लेखी कळवा आणि पोच घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. ओटी भरायची असेल तर जरूर भरा.

होडी आणि ट्रेलर मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात आहेत. खटला संपेपर्यंत ते दुसऱ्या कोणाच्याही नावावर होऊ शकत नाहीत. मागच्या पावसाळ्यात होडीत पाणी साचलं आणि डासांच्या अळ्या सापडल्या. मालकाला पालिकेची नोटीस गेली, कोलशेतला.