शिलाईच्या खोलीतली बँक

लिही गं बाळा, मी बोलते तसंच लिही. मध्ये तुझा शहाणपणा घालू नकोस.

ही गोष्ट माझ्या नणंदेची. तुझ्या आजोबांची थोरली बहीण, कपडे शिवायची. कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणतात ना, म्हणून सगळं गाव तिला मास्तरीण म्हणायचं. शाळेची पायरी चढली नव्हती ती.

बँक आमच्यापासून दोन बस बदलून. तिथून पैसे घेऊन येणाऱ्या बाईला चोर वाटेतच गाठायचे. एकीच्या कानातलं ओढलं, ते पाळीसकट आलं. मी पाहिलंय. मग बँकेचा एक साहेब आला. म्हणाला, इथे शाखा काढणं परवडत नाही, पण मशीन देतो. एवढंसं मशीन, वर काचेचा चौकोन. त्यावर अंगठा ठेवायचा, मास्तरणीनं गल्ल्यातून पैसे द्यायचे, बँक ते तिला भरून देणार. झाली बँक! मी शेजारीच काजं करत बसायची, म्हणून सांगते, हे ऐकीव नाही.

बायकांचे पैसे आता बायकांच्या अंगठ्यात आले. तर नवरे काय करायला लागले? अंगठाच ओढून आणायला लागले. कुणी मनगट पिरगाळून, कुणी केसाला धरून. एका बहाद्दरानं तर बाळंतीण बायको खाटेसकट उचलून आणली. आम्ही तेव्हा हसलो. हसायला नको होतं.

मास्तरणीनं त्यावर तोड काढली. काच पुसायला दोन फडकी ठेवली, एक कोरडं आणि एक शिलाई मशीनच्या तेलाचं. बाई दारातून आत येताना ही तिचं तोंड बघायची. बाईची मान खाली असली की तेलाचं फडकं. मशीन म्हणायचं, ओळख पटत नाही. मग ही नवऱ्याला म्हणायची, "मी काय करू रे भाऊ? तुझी भांडी घासून घासून रेषाच गेल्या हिच्या!" तो चरफडत जायचा. दुसऱ्या दिवशी बाई एकटी यायची आणि पैसे घेऊन जायची.

वर्षभर चाललं. मग ठेंगणीचा नवरा आला.

ठेंगणी वीटभट्टीवर विटा वाहायची. तिच्या मुलीला नर्सच्या शाळेत जागा मिळाली होती. शुक्रवारपर्यंत फी भरली नाही तर नाव कटणार. भट्टीवाल्यानं अख्ख्या हंगामाची मजुरी नुकतीच तिच्या खात्यात टाकलेली, आणि नवऱ्याला हवी होती जुनी मोटरसायकल.

गुरुवारी भर दुपारी तिचा हात पाठीमागे पिरगाळून घेऊन आला. तिचा ओठ फुटलेला. मास्तरणीनं काच पुसली. एकदा ठेवला अंगठा, नाही पटली ओळख. दुसऱ्यांदा ठेवला, नाही. पण तो गॅरेजातला गडी! त्यानं बायकोचा अंगठा नाकाला लावला.

"काय मास्तरीणबाई, तुमची बँक तेल पिते वाटतं?"

त्यानं टेबलावरची लाकडी मोजपट्टी उचलली आणि दिली ठेवून मास्तरणीच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी बटणांचा डबा त्याच्या तोंडावर फेकला, तर माझ्या गुडघ्यावर अशी लाथ घातली की मी भिंतीला जाऊन आदळले. मग आपल्या शर्टानं काच चकचकीत पुसली.

"ठेव आता."

"ठेवते," ठेंगणी म्हणाली. "हात सोडा, म्हणजे ठेवते."

त्यानं सोडला. बाजूला कोळशाची इस्त्री तापलेली होती. तिनं वळून अंगठा त्या इस्त्रीवर दाबला. चर्र झालं. ओरडली नाही गं ती! दात ओठात रुतवले आणि दाबून धरला. मग त्याच्या नाकासमोर नाचवला.

"घ्या. काढा आता पैसे."

मग भान सुटलं त्याचं. तिला खाली पाडून बुक्क्याच बुक्क्या. मास्तरीण ओरडली, "अरे मरेल ती!" तो थांबेना. तेव्हा हिनं चांगल्या हातानं मोठी कात्री घेतली आणि त्याच्या मांडीत घुसवली, पार मुठीपर्यंत. शिवायला आलेलं शाळेच्या गणवेशाचं पांढरं कापड लाल झालं. तो ढोरासारखा ओरडत रांगत बाहेर गेला.

शुक्रवारी पहाटेच्या बसनं आम्ही तिघी निघालो. एकीचा हात गळ्यात, एकीच्या अंगठ्याला चिंधी, मी लंगडी. बँकेचा शिपाई म्हणतो, "दवाखाना पुढच्या चौकात आहे."

"दवाखान्यात मग जाऊ," मास्तरीण म्हणाली. "आधी साहेबाला बोलव."

साहेब म्हणाला, अंगठा लागेल.

"तो जळला. अख्खी बाई आणलीय, तिला ओळखा."

त्यानं पासबुकातला फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं. "चेहरा जुळत नाही हो."

"सूज सोडून बघा ना साहेब!"

बराच वेळ बघितलं त्यानं. बाकीचे खोळंबलेले लोकही बघायला लागले. शेवटी म्हणाला, तुम्ही बँकेचं काम करता, तुम्ही हमी द्या. हिनं डाव्या हातानं वेडीवाकडी खूण केली. मग ठेंगणीच्या दुसऱ्या बोटाचा ठसा घेतला. कुठल्या बोटाचा, ते मला ठाऊक नाही. मास्तरणीनं माझं तोंड भिंतीकडे वळवलं होतं. म्हणाली, "मारून मारून विचारलं, तरी तुला सांगता येता कामा नये."

नर्सची शाळा त्याच गावात, तिथे फी भरली, पावती घेतली. परतीच्या बसपाशी ठेंगणी थांबली. "तुम्ही जा, मास्तरीणबाई. मी इथेच शाळेजवळ खोली बघते. विटा काय, इथेही वाहायच्याच असतात."

"आणि त्यानं आम्हाला तुझा पत्ता विचारला तर?" मी म्हटलं.

"विचारू दे की," मास्तरीण म्हणाली. "त्याला एक मांडी अजून शाबूत आहे."