आबांनी बंद केलेली गोळी

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. दसरा नुकताच झाला होता आणि मी वरकुट्याच्या आमच्या घरात पिठाच्या डब्यासमोर बसून रडत होते... का, ते मलाच कळत नव्हतं. घरात भांडण नाही, तंटा नाही, चार वर्षांची लेक अंगणात खेळतेय आणि मला भाकरीचं पीठ मळायचंसुद्धा जिवावर आलेलं.

महिनाभर हेच चाललं होतं. नवरा वालचंदनगरला नोकरीला, पाळ्या करून दमून यायचा आणि "टॉनिक आणू का?" विचारायचा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. दिवसभर घरात मी, लेक आणि सासरे... आमचे आबा.

आबांनी तरुणपणी मेंढरं राखलेली. पुढे कळप विकून शेती केली, पण नजर मेंढपाळाचीच राहिली. एके सकाळी ते माझ्यासमोर येऊन बसले.

"मेंढरू कळप सोडून एकलंच उभं ऱ्हायला लागलं, की ते आजारी हाय समजायचं. चल, बारामतीला जाऊ."

सुनेला मेंढरू म्हणणारा सासरा! पण महिनाभरात मला आजारी म्हणणारे ते पहिलेच... आळीतले बाकी सगळे आळशी म्हणत होते.

बारामतीला दर गुरुवारी पुण्याहून मनाच्या आजारांचे एक डॉक्टर यायचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि रात्रीच्या जेवणानंतर घ्यायची एक गोळी लिहून दिली. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोंडाला कोरड पडेल, सुस्ती येईल, चटकन उठलं तर चक्कर येईल, पोट साफ होणार नाही... सगळं आधीच सांगितलं. जीव नकोसा वाटला तर गुरुवारची वाट बघायची नाही, लगेच सांगायचं, हेही बजावलं.

"स्वतःच्या मनाने कमी-जास्त करायची नाही. आणि गोळ्या घरातल्या मोठ्या माणसाच्या ताब्यात ठेवा." हे मात्र त्यांनी आबांकडे बघून सांगितलं.

आबांनी पाकीट ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. रोज जेवण झालं की एक गोळी आणि तांब्याभर पाणी. सकाळी अंगणातून हाक यायची, "सावकाश ऊठ गं! आधी बस, मग उभी ऱ्हा!" सगळ्या आळीला ऐकू जायचं... मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पहिले दहा-बारा दिवस वाईट गेले. जीभ टाळूला चिकटायची, दुपारी पेंग यायची. बडीशेप चघळत, पाण्याचे घोट घेत, पालेभाज्या आणि पपई खात ते दिवस काढले. मग कोरड कमी झाली, नीट झोप लागायला लागली... आणि एक दिवस लेकीची वेणी घालताना मी गुणगुणतेय, हे माझ्याच लक्षात आलं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी भाकऱ्या थापताना मी लेकीच्या कशावरून तरी खळखळून हसले. दीड भाकरी खाल्ली. आबा टक लावून बघत होते. त्या दिवशी त्यांनी ट्रंक उघडलीच नाही.

"मेंढरू रवंथ करायला लागलं की औषीद बंद. उगं बाटल्या वतत बसायचं न्हाय. बरी झालीस तू, पोरी."

आवाजात इतका आनंद होता... आणि खरं सांगू? मलाही गोळीचा कंटाळा आला होता. मी मान हलवून मोकळी झाले.

तीन दिवसांत सगळं फिरलं. मळमळ, घाम, डोकं भणभणलेलं, झोप गायब आणि पुन्हा ते रडू. मला वाटलं, संपलं... हा आजार आता जन्माचा. आबा ट्रंक उघडायचे आणि पुन्हा कुलूप लावायचे. आता गोळी द्यावी की नाही, हेही त्यांना कळेना.

गुरुवारी पहिल्या एसटीने बारामती गाठली. मी काही बोलायच्या आत आबांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"चूक माझी हाय, डाक्टर. पोरीला काय बोलू नगा. मीच बंद केली गोळी."

अख्ख्या भावकीत कधी माघार न घेतलेला माणूस तो!

डॉक्टर रागावले नाहीत. "आबा, तिला बरं वाटत होतं ते गोळीमुळेच. एकदम बंद केली की शरीराला असा त्रास होतो. बरं वाटायला लागल्यावरही काही महिने घ्यायची असते. थांबवायची वेळ आली की मी सांगेन, तेव्हाही थोडी थोडी कमी करत."

"म्हंजी ही पुन्ना बरी व्हईल?"

डॉक्टर हो म्हणाले. आबांनी मुंडाशानेच डोळे पुसले.

गोळी पुन्हा सुरू झाली आणि मी सावरले. घरी आलेल्या कुणी गोळी कसली विचारलं, तर मी "अशक्तपणाची गोळी" म्हणून वेळ मारून न्यायचे. आबा तिथल्या तिथं दुरुस्त करायचे, "मनाचा आजार हाय. औषीद चालू हाय." मी लाजून आत पळायचे.

उन्हाळ्यात कन्हेरीचे एक पाहुणे आले. चहा झाला, पान झालं, तरी उठेनात. शेवटी खाली बघत म्हणाले, "आबा... त्या डाक्टरचा पत्ता द्या की. माझ्यासाठीच पायजे."

आबा म्हणाले, "पत्ता कशाला? मी येतू की बरूबर."

माझी गोळी पुढे डॉक्टरांनी हळूहळू कमी करून थांबवली. तुमची चालू असेल तर तुम्हीही बंद करण्याआधी त्यांनाच विचारा, एवढं सांगायला आज लिहायला बसले... पण डोळ्यांसमोर येतात ते आबाच. मी बरी झाल्यावरही ते कितीतरी गुरुवारी बारामतीच्या एसटीत बसलेले असायचे. शेजारी दर वेळी वेगळं माणूस.