मामांच्या हलगीतली थांबायची जागा

बास गिटार कुणी शिकवली, असं कुणी विचारलं की मी इतकी वर्षं एकच उत्तर देत आलो: कॅसेट ऐकून. ते अर्धंच खरं आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला मी जालन्यातल्या एका ऑर्केस्ट्रात होतो. अंगठ्यानं जाड तार ठोकायची, बोटानं बारीक तार ओढून सोडायची, हा स्लॅपचा प्रकार कॅसेटवर ऐकला आणि झपाटलो. अंगठ्याला फोड आले, फुटले, घट्टे पडले. हात जल्दी चालायला लागला, पण ऐकणाऱ्याला नुसता खडखडाट.

आमच्यात एक हलगीवाले होते, अंकुशनगरहून एसटीनं यायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. माझा सराव ऐकून एकदा म्हणाले, "बाबू, तू तं बोलतच राह्यलास की! दम कधी घेतो?"

मग अख्खा उन्हाळा त्यांनी मला शिकवलं. हलगीवर एक ओळ वाजवायचे आणि काडी वर धरायचे. ती खाली येईपर्यंत मी तारेला हात लावायचा नाही.

"न्हाई, न्हाई. माझं बोलणं संपू दे. मंग जबाब दे."

"पण मामा, मधली जागा रिकामी राहते ना."

"राहू दे. ऐकणारा तिथंच मान हलवतो."

डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवून मुका ठोका काढायचा, तेही मी त्यांच्या हाताकडं बघूनच उचललं.

पावसाळ्यानंतरच्या पहिल्या तालमीला ऑर्केस्ट्राचे मालक खूश झाले. "अरे, गिटारीतून हलगी निघून राह्यली! कुठं शिकलास?"

"कॅसेट ऐकून," मी म्हणालो.

मामा दारातच कागद पेटवून हलगी शेकत होते. त्यांनी वर पाहिलं. "पोरगं हुशार हाय," म्हणाले.

"मंग आता हलगी वेगळी कशाला?" मालकांनी मला विचारलं. "जीपमधी तेवढीच जागा होईल. काय?"

मालक माझं ऐकायचे. मी एक शब्द बोललो असतो तर मामा राहिले असते. मी गिटारच्या खुंट्या पिळत बसलो. शेकून टणक झालेली हलगी मामांनी न वाजवताच पिशवीत घातली.

पुढच्या कार्यक्रमात मामांची सवालाची ओळ मीच गिटारवर वाजवली आणि सवयीनं थांबलो. हलगीचा जबाब आला नाही. लोकांनी त्या शांततेलाच टाळ्या दिल्या.

बऱ्याच वर्षांनी एकदा अंकुशनगरला गेलो, सांगून टाकायचं ठरवून. मामा थकले होते. चहा पाजला. "अजून वाजवतो? मंग मधी थांबतो का?"

"थांबतो," म्हणालो, आणि अंबडच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. गाडीला अजून तासभर होता.

आता मामा नाहीत. कॅसेटवरून मी अंगठा मारायला शिकलो. वाजवायला मामांनी शिकवलं. त्या दिवशी मालकांना एवढंच सांगायचं होतं.