मिस्त्रीचाचांची खालची कवळी

आमच्या शेजारच्या मिस्त्रीचाचांइतका मापाला चिकटलेला माणूस उभ्या लातूर जिल्ह्यात झाला नसेल. सुतारांचं माप सुतात चालतं, आठ सुतांचा एक इंच. पण चाचांचं सगळं जगच सुतात चालायचं. माझ्या हातची पोळी त्यांनी एकदा उजेडात धरली आणि म्हणाले, "मॅडम, ह्या अंगाला अर्ध्या सुताचा फरक हाय." माझ्या नणंदेला पाहायला मुलगा आला, तेव्हा चाचा आमच्या कपाटाचं दार दुरुस्त करत होते. पाहुण्यांचा चहा संपायच्या आत त्यांनी मला स्वयंपाकघराशी गाठून सांगितलं, की पोरगा चांगला आहे, पण डावा खांदा दोन सूत खाली आहे. लग्न झालं, संसार सुखाचा झाला, पण त्या खांद्याकडे पाहिल्याशिवाय आमच्याकडे आजही कुणाला राहवत नाही.

चाचांचे दात गेले ते खिळ्यांपायी. खिळे ओठांत धरायचे आणि वाकडा निघालेला खिळा दातांनीच उपटायचा, ही त्यांची जुनी खोड. भूकंपानंतर किल्लारीकडे नवी घरं उभी राहत होती, तेव्हा चाचा दोन-अडीच वर्षं तिकडेच चौकटी आणि दारं बसवत होते. "लोक पत्र्याखाली राहून राहिले होते, मॅडम. त्यांना दार पाहिजे होतं. पक्कड कुठं हुडकत बसू?" पुढे लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले आणि चाचा बाकं करू लागले. मी जिथे जीवशास्त्र शिकवते त्या क्लासची सगळी बाकं त्यांच्या हातची. बाकं भरत गेली आणि चाचांचं तोंड रिकामं होत गेलं. मी त्यांच्या शेजारी राहायला आले तेव्हा वर-खाली दोन्ही कवळ्याच होत्या. वरची टाळूला धरून शहाण्यासारखी बसायची. खालची मात्र बोलताना घसरायची, म्हणून चाचा हनुवटी तळहातात दाबून, बोटं ओठांवर ठेवून बोलायचे. एकदा लाकूड आणून देणाऱ्याला रागावताना ती थेट भुशात पडली. चाचांनी ती उचलली, धुतली, बसवली आणि राहिलेलं वाक्य पूर्ण केलं, "...आन लाकूड ओलं हाय!"

जबड्यात स्क्रू बसवून कवळी त्यावर अडकवता येते, हे त्यांना कळलं आणि आमच्या गल्लीची झोप उडाली. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड पाहून अंदाजानं सांगितलं होतं, "जाड दोन बसवू." नांदेडला बहिणीकडे गेले असताना तिथले डॉक्टर म्हणाले, "बारीक चार." जाड होता सव्वा सुताचा, बारीक एका सुताला थोडा कमी. झालं. चार महिने चाचा खिशात त्याच मापाचे आपल्या पेटीतले एक जाड आणि एक बारीक स्क्रू घेऊन हिंडत होते. दूधवाल्याला विचारलं, मेसवाल्या काकूंना विचारलं, नांदेडच्या गाडीत कंडक्टरलाही विचारलं. त्यानं तिकीट दिलं, मत दिलं नाही. शेवटी "तुम्ही हाडाचं शिकवता" म्हणून मला सोबत घेऊन ते लातूरच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण धीराच्या. चाचांनी पिशवीतून वाळक्या सागाची एक अरुंद पट्टी काढली आणि त्यांच्या टेबलावरच जाड स्क्रू पिळला. पट्टी उभी चिरली. मग दुसऱ्या टोकाला बारीक पिळला. तो बसला. "माझं हाड ह्याच्याहून जुनं हाय," चाचा म्हणाले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी जबड्याचा स्कॅन काढला, पडद्यावर मापं घेतली आणि म्हणाल्या, "चाचा, समोरच्या भागात हाडाची उंची ठीक आहे, पण रुंदी कमी आहे. जाड बसवायचे तर आधी हाड भरावं लागेल. तुम्हाला बारीक चारच बरे. पण तुमचं कारण चुकलं. लाकूड मेलेलं असतं. हाड जिवंत आहे. ते स्क्रूभोवती वाढतं, त्याला धरून घेतं."

"सत्तरी उलटल्यावर पण?"

"तेव्हापण. सावकाश."

चाचांनी खात्री करायला माझ्याकडे पाहिलं. हेच वाक्य मी दर वर्षी फळ्यासमोर उभी राहून घाईघाईत उरकते. त्या दिवशी नीट म्हणाले, "हो चाचा, वाढतं."

बाईंनी हसून विचारलं, "मग दात घट्ट बसले की पहिल्यांदा काय खाणार?"

"खायाचं न्हाई. बोलायचं हाय."

"कुणाशी?"

चाचा चिरलेली पट्टी पिशवीत घालत राहिले. मग म्हणाले, "घरात. तिला ऐकू येत न्हाई. ती तोंड बघून समजून घेती. मी असा हात लावून बोलतो, तिला निसती बोटं दिसतात. आता तिनं विचारायचंच सोडलं."

आठ वर्षं मी भिंतीला भिंत लावून राहत होते आणि चाची अबोल आहेत असं समजत होते.

चार बारीक स्क्रू बसले. तिसरा पाव सूत डावीकडे गेला आहे अशी तक्रार चाचांनी केली, आणि हाड तिथेच होतं असं बाईंनी समजावलं. काही महिन्यांनी हाडानं स्क्रू धरले, तेव्हा कवळी टक् करून अडकली ती हलेना. पंधरा दिवसांनी दुपारी मी वाटीभर लोणचं द्यायला गेले, तर दोघं खाटेवर समोरासमोर बसलेली. चाचा दोन्ही हात मोकळे सोडून देगलूरच्या कुठल्याशा लग्नातली गंमत सांगत होते, आणि चाचींचे ओठ त्यांच्या ओठांबरोबर हलत होते. "फिर?" चाची म्हणाल्या. चाचांनी पुढचं सांगितलं आणि चाची तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, की मी वाटी खिडकीत ठेवून तशीच परतले.

त्यानंतर चाची दोनच वर्षं होत्या. त्या गेल्यावर मी भेटायला गेले. चाचाच म्हणाले, "दोन साल लई बोललो, मॅडम. जुनं-नवं सगळं. शेवटी शेवटी तीच म्हणायची, आता जरा गप बसा, ऐकून ऐकून डोळे दुखून राहिले."