येळवसेच्या आधीची खुरपणी

फूल आहे पण फळ नाही, असा नमुना म्हणजे अर्धा पुरावा, असं आमचे वनस्पतिशास्त्राचे सर म्हणायचे. जिल्ह्यात कुठल्या भागात काय उगवतं याची पाहणी त्यांनी हाती घेतली होती. बी.एस्सी.च्या आम्हा मुलांना त्यांनी रस्ते वाटून दिले होते. मला अक्कलकोट रस्ता मिळाला, कारण कुंभारीच्या पुढं एका खेड्यात माझ्या आईची धाकटी बहीण राहायची. आम्ही तिला चिगव्वा म्हणायचो.

सरांनी एक गोष्ट आधीच सांगितली होती. जिल्ह्यात आजवर न सापडलेली जात जो आणील, त्याला ते उन्हाळ्यात सगळे नमुने घेऊन पुण्याला नेणार होते. तिथल्या मोठ्या संग्रहात बसून ओळख पटवण्याचं काम. त्यांच्या शब्दावर पुढं एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो, हे वरच्या वर्गातल्या मुलांकडून ऐकलं होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील आमच्याच शहरातल्या शुक्रवार पेठेत एका दुकानात धान्य मापायचे. एम.एस्सी. म्हणजे काय हे घरी समजावून सांगायला मला तरी कुठं नीट येत होतं? पण मला ते हवं होतं. इतकं हवं होतं, की कुणाला सांगायची लाज वाटायची.

दुष्काळाच्या आदल्या वर्षाची दिवाळीची सुट्टी. चिगव्वाच्या शेतात ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. बांधाजवळ एक खोलगट तुकडा होता, पाणी धरून ठेवणारा. तिथं मला जमिनीला चिकटून पसरलेली एक बारीक वेल दिसली. फूल फिकट जांभळं, नखाएवढं. आजूबाजूची शेतं हिंडलो, पण ती आणखी कुठंच नव्हती.

घरी आणून जुन्या वर्तमानपत्रांत दाबली. वर वजनाला आईचा पाटा. रोज कागद बदलायचे, नाहीतर बुरशी येते. आई म्हणायची, "माझी चटणी अडलीय बघ तुझ्या गवतापायी." पण पाटा उचलायची नाही.

सरांनी नमुना भिंगाखाली बराच वेळ पाहिला. म्हणाले, "गारवेलीच्या कुळातली दिसते. आपल्याकडं कुणी नोंदवलेली नाही. पण बोंड कुठाय? बी बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. आणि बोंड मी स्वतः वेलीवर बघणार. मुळाशी उभं राहून पाहिलं नाही, ते माझ्या पुस्तकात येत नाही."

येळवसेला कॉलेजला सुट्टी होती. येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या; त्या दिवशी आमच्याकडं सगळं घर शेतात जेवतं. कडब्याची कोपी, म्हणजे लहानशी खोप, करून पाच दगड पुजायचे, आंबील शिंपडायची आणि वाटेनं जाणाऱ्यालाही बोलावून वाढायचं. तोवर बोंडं धरली असती. आठवडाभर आधी मी चिगव्वाला जाऊन सांगितलं. नीट सांगितलं. बांधाजवळ नेऊन वेल दाखवली.

"हे बघायला सर येणार आहेत."

"हे?" तिनं पायाच्या अंगठ्यानं वेल हलवली. "ह्ये तण हाय रं."

"व्हय, तणच. तेच बघायचंय."

ती माझ्याकडं बघून हसली. "शिकून लई चेष्टेखोर झालास की तू."

एसटीतून उतरून सर आणि मी शेतावर पोचलो, तेव्हा चिगव्वा नवं लुगडं नेसून कोपीपाशी उभी होती. ज्वारी कणसावर आली होती. शेत कसं दिसत होतं ते मला आजही सांगता येतं. ताटांच्या मधली काळी माती उघडी, भुसभुशीत, एकसारखी. बांध कडेपर्यंत खरवडलेला. हिरवा ठिपकासुद्धा नाही.

मी खोलगट तुकड्याकडं पळालो. तिथंही माती.

"चिगव्वा, वेल कुटं हाय?"

"काढलं की समदं!" ती आनंदानं म्हणाली. "चार बाया लावल्या. कालेजातलं मास्तर येणार, आन शेतात तण? लोकं म्हणतील, भाची-भाचरं शिकली आन मावशी आळशी. एवढं तरी राखाया नगं का तुजं नाव?"

"मी सांगितलं होतं, तेच बघायला येणार म्हणून."

"आरं, तण बघाया कोण येतंय यष्टीनं?"

माझा चेहरा बघून तिला कळलं. ती उकिरड्याकडं गेली. बरंचसं म्हशीनं खाल्लं होतं. उरलेल्यातून तिनं एक वाळका गुंता शोधून आणला. त्याला खरंच दोन बोंडं होती. तिनं ती सरांपुढं धरली.

सरांनी गुंता हातात घेतला, उलटसुलट केला. "हा याच शेतातला कशावरून?"

"माझ्या शेतातला न्हाय तर काय बाजारातनं आणला?"

सर हसले. गुंता तिला परत दिला आणि हात झटकले. मग ते पोटभर जेवले. भाज्या-कडधान्यांच्या भज्जीचं कौतुक केलं, आंबील दोनदा मागून घेतली. रस्त्याकडं परत जाताना कडेला उगवलेलं माठाचं एक रोप त्यांनी मुळासकट उपटलं आणि नमुन्यांच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. म्हणाले, "फेरी फुकट जायला नको."

दुसऱ्या दिवशी ते प्रयोगशाळेत सांगत होते, "याची दुर्मिळ वनस्पती मावशीनं म्हशीला घातली." सगळे हसले. मीही हसलो. न हसून काय केलं असतं? सरांचा नियम चुकीचा नव्हता. अजूनही मला तो चुकीचा वाटत नाही. पण नियम पाळताना त्यांना इतकं हलकं वाटायला नको होतं. उन्हाळ्यात पुण्याला दुसराच मुलगा गेला.

ती दोन बोंडं चिगव्वानं त्या खोलगट तुकड्यात चुरून टाकली होती. तेवढी जागा ती पुढच्या साली खुरपणार नव्हती. गावातल्या बाया तिला म्हणायच्या, "भाच्यासाठी तण पेरतीया." पण पुढच्या साली पाऊसच झाला नाही. ज्वारी आली नाही, वेलही आली नाही. मी गेलो तेव्हा ती रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. मला बघून पदरानं तोंड पुसत म्हणाली, "तुजं तणबी उगवलं न्हाय रं." जणू तिनंच काही कमी केलं होतं. त्यानंतरही वेल तिथं कधी दिसली नाही.

सरांचं पुस्तक निघालं तेव्हा मी एका शाळेत शिपायांच्या हजेऱ्या लावायच्या कामाला होतो. कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन ते चाळलं. चिगव्वाच्या गावाचं नाव त्यात होतं. माठाच्या नोंदीत.

येळवसेला गेलो तेव्हा तिला सांगितलं. ती कोपीतून बाहेर आली आणि बांधापलीकडच्या बाईला ओरडून म्हणाली, "आगं, आमचं गाव पुस्तकात आलंय! माझ्या भाच्यानं आणलं."

मग माझ्याकडं वळून विचारलं, "कंच्या तणापायी रं?"

"रस्त्याकडेच्या माठापायी."

"आन आपलं?"

मी प्यायला आंबील मागितली. तिनं वाटी भरून दिली आणि पुन्हा विचारलं नाही.