बाकाखालचे बूट

माझा मामा आडवा झोपलेला मी चाळिशी गाठेपर्यंत पाहिला नव्हता. खुर्चीत ताठ बसून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून तो झोपायचा, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी डोळे उघडून समोरच्या भिंतीकडे बघायचा. भिंतीवर काहीही नव्हतं. आई त्याची धाकटी बहीण. गेली वीसेक वर्षं तो आमच्याकडेच पुढच्या खोलीत राहतो. ती त्याला म्हणायची, "दादा, लग्न केलं नाहीस ते बरं केलंस. बायको पहिल्याच आठवड्यात घाबरून माहेरी गेली असती."

मामा बॉयलरवाला. कापड रंगवायच्या कारखान्यात तीस वर्षं त्याने बॉयलर सांभाळला. काम सांगायला सोपं आहे. बॉयलरला बाहेरून एक उभी काचेची नळी असते, आत पाणी किती ते तिच्यात दिसतं. पाणी फार खाली जाऊ द्यायचं नाही, वाफ फार चढू द्यायची नाही. त्यासाठी आठ तास डोळ्यात तेल घालून काचेकडे बघत बसायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी घरात कुकर लावला की हा ओट्याशी येऊन उभा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमचा मामा साधं पाणीही फुंकून पिणाऱ्यातला. तोंड कुठे पोळलं, ते मात्र आम्ही कधी विचारलं नाही. स्वभावच तसा, म्हणून सोडून दिलं. चूक आमचीच.

गेल्या वर्षी त्याच्या पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीतून ऑपरेशन, तास-दीड तासाचं काम, पण पूर्ण भूल द्यावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मामाने मुकाट मान डोलावली. ठरल्या दिवशी मी त्याला हॉस्पिटलात नेलं, हिरवा झगा चढवला आणि फॉर्म भरायला खाली गेले. परत येते तो पलंग रिकामा. झगा पँटमध्ये खोचून साहेब बसने घरी पोचले होते.

मी खास रजा काढली होती. डोकं फिरलं.

"मामा, तू काय लहान आहेस का रे?"

"कापायचं तर कापा," तो म्हणाला. "दुखलं तरी ओरडणार नाही. पण झोपवू नका."

तेव्हाच मी गप्प बसून नीट ऐकायला हवं होतं. पण माझ्या तोंडाला लगाम नाही. हॉस्पिटल म्हणजे घाबरटांची जत्रा वाटली का, लोक काय म्हणतील, असलं बरंच बोलले. तो भिंतीकडे बघत राहिला.

दीड महिन्यात त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि ताप चढला. खडा सरकून वाटेत अडकला होता. आठवडाभर सलाइन लावून ताप उतरवला आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "या वेळी पळून गेलात तर पुन्हा आणायची गरज पडणार नाही."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्याला तपासायला बोलावलं. बुटक्याशा, पन्नाशीच्या, घाईत बोलणाऱ्या बाई. दात हलतात का, दम लागतो का, असं विचारत विचारत त्या म्हणाल्या, "याआधी कधी भूल दिली होती?"

"मला नाही," मामा म्हणाला. "नानाला दिली होती."

नाना हे नाव मी घरात ऐकलं होतं. मामाचा जोडीदार, कारखान्यातल्या अपघातात गेला, एवढंच. बाकीचं मी त्या खोलीत, वजनकाट्याशेजारच्या स्टुलावर बसून पहिल्यांदा ऐकलं.

बॉयलर सोपवायची एक रीत होती. नवा माणूस यायचा, बाहेरचे बूट काढून बाकाखाली ठेवायचा, कामाचे चढवायचा. दोघं काचेसमोर उभे राहायचे. जाणारा म्हणायचा, "दिला." येणारा म्हणायचा, "घेतला." हे दोन शब्द झाल्याशिवाय जाणाऱ्याने दारही ओलांडायचं नाही. अपघाताच्या दिवशी, बावीस वर्षांपूर्वी, मामाची सलग दुसरी शिफ्ट होती. दुपारी तीनच्या सुमाराला बाकावर बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. जागा झाला तेव्हा बाकाखाली नानाचे बूट होते. नाना आला, त्याने ताबा घेतला, इथेच कुठेतरी असेल, असं मामाला वाटलं. झोपताना पकडले गेलो याची लाज वाटली. तो हाकही न मारता निघून गेला.

"आणि नाना?" बाईंनी विचारलं. त्यांचं लिहिणं थांबलं होतं.

"मी झोपलेलो बघून त्याला दया आली. म्हटला, पाच मिनिटं झोपू दे बिचाऱ्याला, तोवर चहा पिऊन येतो. हे त्यानेच मला सांगितलं, नंतर, हॉस्पिटलात. तो परत आला तर काच रिकामी. आग ओढून काढायला म्हणून भट्टीचं दार उघडलं, तेवढ्यात पाण्यावाचून तापलेली आतली लोखंडी नळी फुटली. सगळी वाफ अंगावर."

तिसऱ्या दिवशी नानाला ऑपरेशनला नेलं. आत जाताना तो मामाला म्हणाला, "तू बस इथे. मी जरा झोपून येतो." मामा बाहेरच्या बाकावर बसला. नाना जागा झाला नाही. तो भुलीने नाही, भाजल्याने गेला, असं डॉक्टरांनी दोनदा समजावलं. मामाला ते पटलं नाही, की ऐकूच आलं नाही, देव जाणे. "तिकडे कारखान्यात बाकाखाली त्याचे बूट तसेच होते," तो म्हणाला. "अजून दिसतात. डोळे मिटले की दिसतात."

मला रडू आलं. दोन महिन्यांपूर्वीचं माझं बोलणं मला आठवत होतं.

मामाने बाईंना विचारलं, "मी झोपल्यावर काच कोण बघतं?"

"मी."

"चहाला जाता?"

"नाही. तुमच्या डोक्याशी स्टूल टाकून बसते. तुम्ही जागे होईपर्यंत हलत नाही."

"काच तुंबते कधी कधी. पाणी नसलं तरी दाखवते."

"मशीनही खोटं बोलतं," बाई म्हणाल्या. "म्हणून मी नाडी हाताने बघते. ओठांचा रंग बघते. तुम्ही काय करत होता?"

"तासातासाला नळीखालचा कॉक उघडून बघायचो. खरं पाणी येतं का."

"तेच ते," बाई म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न विचारला. मामाने कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत मी ट्रॉलीबरोबर गेले. तो डोळे मिटत नव्हता. छताकडे बघत होता. उठून पळेल की काय, या धास्तीने मी ट्रॉलीची कड धरून ठेवली होती. बाई दारात आल्या. मामाने चादरीतून हात बाहेर काढला आणि म्हणाला, "दिला."

त्यांनी त्याचं मनगट धरलं. "घेतला," त्या म्हणाल्या, चांगलं मोठ्याने. दार बंद झालं.

मी बाहेर दोन तास बसले. तेवढ्यात किती वेळा मी बाकाखाली वाकून बघितलं, हे सांगायची मला लाज वाटते.

ऑपरेशन नीट झालं. त्याला खोलीत आणलं तेव्हा तो अर्धवट गुंगीत होता. मी चपला काढून पलंगाशी खुर्चीवर बसले.

"बूट आहेत," तो डोळे न उघडता पुटपुटला. "नाना दिसत नाही."

मी खुर्ची पुढे ओढली.

"मामा, मी आहे."

"नाना, दिला रे," तो म्हणाला. थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "दिला." कपाळावर आठ्या चढल्या. तो वाट बघत होता. बावीस वर्षं वाट बघत होता, आणि उत्तर देणारा माणूस नव्हता.

मी त्याच्या हातावर हात ठेवला. "घेतला," मी म्हणाले.

आठ्या गेल्या. मान एका बाजूला कलली. मामा आडवा, पाय पसरून, तोंड उघडं टाकून झोपला आणि घोरायला लागला.

सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मोबाइल बाहेरच्या पिशवीत वाजत होता. मी उठले नाही. त्याच्या छातीचं वर-खाली बघत राहिले. संध्याकाळी आई आली. "जा, चहा तरी पिऊन ये," ती म्हणाली. "मी आहे ना."

"आई, असं नाही. इथे ये, त्याच्याकडे बघ आणि 'घेतला' म्हण."

"काय घेतला?"

"म्हण तू."

तिने भावाकडे बघितलं. तिनेही त्याला असं झोपलेलं बावीस वर्षांत पाहिलं नसावं. "घेतला," ती हळूच म्हणाली. मग मी चपला घातल्या.